लॅपटॉपमधील हार्ड डिस्क बदलणे

लॅपटॉपमधली फिरत्या तबकड्यांची हार्ड डिस्क काढून तिच्या जागी सॉलिड स्टेट ड्राइव्ह, म्हणजे एसएसडी, बसवण्याचे काम. २०२० च्या आसपासपर्यंत भारतात विकल्या गेलेल्या पुष्कळशा स्वस्त लॅपटॉपांत ५०० जीबी किंवा १ टीबीची, मिनिटाला ५४०० फेरे घेणारी डिस्क असे. जाहिरातीत टीबीचा आकडा ठळक छापलेला असे, डिस्कच्या वेगाचा उल्लेख मात्र क्वचितच. घेणाऱ्याचे नुकसान तिथेच होई. असा लॅपटॉप दोन-तीन वर्षांत ‘हँग’ होऊ लागला की तो मोडीत काढायचे मनात येते. खरे तर बहुतेक वेळा त्यातला हा एकच भाग बदलणे पुरेसे असते.

मंदपणाचे कारण. लॅपटॉप सुरू करून टास्क मॅनेजर उघडला, तर ‘डिस्क’च्या रकान्यात १०० टक्के दिसते आणि प्रोसेसर जवळजवळ रिकामा असतो. त्याच वेळी प्रत्यक्ष वाचन-लेखन मात्र सेकंदाला जेमतेम एक-दोन एमबी चाललेले असते. शंभर टक्के काम आणि इतकी कमी वाहतूक, हे कोडे तबकडीच्या गतीत सुटते. मिनिटाला ५४०० म्हणजे सेकंदाला ९० फेरे, एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद. हवी ती जागा वाचन-शीर्षाखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद जातात. शीर्ष योग्य मार्गिकेवर सरकायला आणखी बारा-एक मिलिसेकंद लागतात. अशा हिशेबाने विखुरलेल्या तुकड्यांची सेकंदाला पन्नास-साठच वाचने होतात. प्रत्येक तुकडा ४ केबीचा धरला तर सेकंदाला पाव एमबीसुद्धा हाती लागत नाही. विंडोज सुरू होताना, अपडेट उतरताना किंवा अँटीव्हायरस चालू असताना अशाच विखुरलेल्या वाचनांची रांग लागते.

एसएसडीमध्ये फिरणारे काही नसते. ती नँड फ्लॅश स्मृतीवर चालते. ही स्मृती जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये मांडली. तिच्यात कोणताही तुकडा साधारण ०.१ मिलिसेकंदात सापडतो. सलग वाचनाचा वेग साटा-३ जोडणीवर सेकंदाला सुमारे ५५० एमबी असतो. जुन्या साटा-२ यंत्रात तो ३०० एमबीच्या आत राहतो, तरी रोजच्या वापरात जाणवणारा फरक तिथेही तितकाच मोठा असतो, कारण खरा फायदा शोधण्याचा वेळ वाचल्याचा आहे.

कोणती घ्यावी. आधी यंत्रात जागा कोणती आहे ते पाहावे. अडीच इंची साटा डिस्क असेल तर ७ मिलिमीटर जाडीची एसएसडी बसते. जुनी डिस्क ९.५ मिलिमीटरची असल्यास उरलेल्या फटीसाठी प्लास्टिकची चौकट लावतात. काही लॅपटॉपांत एम.२ ची मोकळी खाच असते. ती साटाची आहे की एनव्हीएमईची, हे विकत घेण्यापूर्वीच तपासावे. दोन्हींच्या पट्ट्या दिसायला सारख्या असतात, पण एक दुसरीच्या जागी चालेलच असे नाही. ३२ किंवा ६४ जीबीची ईएमएमसी स्मृती असलेल्या अतिस्वस्त यंत्रांत ती मदरबोर्डावरच झाळलेली असते, त्यामुळे बदलता येत नाही. क्षमतेच्या बाबतीत, त्याच पैशांत मोठी हार्ड डिस्क मिळत असली तरी लहान एसएसडीच घ्यावी. २४० किंवा ५०० जीबी बहुतेकांना पुरते.

प्रत्यक्ष काम. सर्वात महत्त्वाचे काम स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधीचे आहे, ते म्हणजे बॅकअप. फोटो, कागदपत्रे, टॅलीचा डेटा, जे पुन्हा मिळणार नाही ते सगळे बाहेरच्या डिस्कवर घ्यावे. डिस्क एनक्रिप्ट केलेली असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की उतरवून ठेवावी. जुनी डिस्क जशीच्या तशी क्लोन करता येते. मात्र क्लोनझिलासारखी साधने एरवी नवी डिस्क जुनीइतकी किंवा तिच्याहून मोठी मागतात. १ टीबीवरून २४० जीबीवर जाताना म्हणून विंडोज नव्याने टाकणेच सोपे. विंडोज ८ पासून कंपनीने विंडोजसह विकलेल्या यंत्रांत परवान्याची की मदरबोर्डावर असते. डिस्क बदलली तरी तीच आवृत्ती पुन्हा सक्रिय होते.

चार्जर काढून, खालचे स्क्रू काढून झाकण सोडवावे. काही स्क्रू रबरी पायांखाली दडलेले असतात. ते राहून गेले आणि झाकण ओढले, तर कडेची प्लास्टिकची लॉक हमखास तुटतात. फटीतून जुने एटीएम कार्ड सरकवत एकेक लॉक सोडवणे चांगले. झाकण निघाल्यावर पहिले काम बॅटरीची पिन काढण्याचे. ती लागलेली असताना आत हात घालू नये. डिस्क पत्र्याच्या चौकटीत चार स्क्रूंनी बसवलेली असते. ती उचलू नये, जोडणीपासून आडवी सरकवून काढावी; काही यंत्रांत मधे पातळ रिबन केबल असते आणि तिची खटकी न उघडता ओढल्यास ती फाटते. ज्यांना हे धाडस वाटत नाही त्यांना मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडसारख्या संगणक-बाजारात हे काम करून मिळते, पण बॅकअप तिथे जाण्यापूर्वी स्वतःच घ्यावा.

नंतरची काळजी. एसएसडीला डीफ्रॅग्मेंटेशन लागत नाही. तिच्या निगेसाठी ट्रिम ही आज्ञा विंडोज ७ पासून आपोआप दिली जाते. डिस्क काठोकाठ भरू देऊ नये, लिहिण्याचा वेग त्याने उतरतो. जुनी अडीच इंची डिस्क ५ व्होल्टवर चालते, त्यामुळे शंभर-दोनशे रुपयांपासून मिळणाऱ्या यूएसबी केसमध्ये घालून बॅकअपसाठी वापरता येते. डिस्कची प्रकृती तपासणाऱ्या ‘स्मार्ट’ चाचणीत तिचे सेक्टर खराब झालेले दिसले तर मात्र तिच्यावर एकमेव प्रत ठेवू नये. ती विकायची किंवा भंगारात द्यायची असेल, तर साधे फॉरमॅट पुरत नाही. सगळी डिस्क एकदा शून्यांनी भरून घ्यावी लागते.