राजहऱ्याचा लोहपर्वत

नव्या मुंबईत कळंबोलीच्या लोखंडबाजारावरून जाताना सळ्यांचे भारे आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो. परंतु लोखंड मुळात कोणत्या डोंगराच्या पोटातून निघते, हा प्रश्न आमच्या मनात फार उशिरा आला. त्या कुतूहलापायी गेल्या हिवाळ्यात आम्ही छत्तीसगडातील डल्ली-राजहरा येथे गेलो. भिलाईच्या पोलाद कारखान्यास खनिज पुरविणारी ही खाण आजही चालू आहे. डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी कापलेला, माती तांबडी, रस्ता तांबडा, आणि संध्याकाळी पाहतो तो आमचे कपडेही तांबडे! मुठीएवढा दगड हाती घेतला, तो इतका जड लागला की आमच्यापैकी एका गृहस्थांनी तो दोनदा तोलून पाहिला.

या डोंगराची हकीकत नागपूरकडून सुरू होते. तेथे १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू करणाऱ्या जमशेटजी टाटांच्या वाचनात फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाचा १८८२ चा अहवाल आला. चांदा जिल्ह्यातील लोहारा येथील खनिज उत्तम, असा त्याचा निर्वाळा होता. परंतु जवळचा वरोऱ्याचा कोळसा जर्मनीत तपासून घेतला, तो भट्टीस निरुपयोगी ठरला. सरकारचे खाणनियमही जाचक होते. बेत तसाच राहिला.

१८९९ मध्ये, कर्झनसाहेबांच्या कारकिर्दीत, ते नियम सैल झाले. पुढे दोराबजी टाटा आणि वेल्ड नावाचे अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञ चांद्याच्या रानात बैलगाड्यांतून हिंडले, आणि निराश झाले. आता हा नाद सोडतो, एवढे सांगण्यास दोराबजी नागपूरच्या कचेरीत गेले, तो अधिकारी जागेवर नव्हते. वेळ काढावा म्हणून ते समोरच्या अजब बंगल्यात, म्हणजे वस्तुसंग्रहालयात, शिरले. तेथील भूस्तरांच्या नकाशावर दुर्गच्या बाजूस लोखंडाचा निदर्शक रंग भरलेला त्यांना दिसला. तेच हे डोंगर. वेल्डसाहेब वर चढले तेव्हा पायाखाली धातूवर चालल्यासारखा आवाज झाला, असे सांगतात.

ही गोष्ट सांगताना योगायोगाचे फार कौतुक होते. ते आम्हांस रुचत नाही. नकाशावर रंग आपोआप उमटत नसतो. त्या डोंगरांतील खनिजाची नोंद प्रमथनाथ बोस या बंगाली भूगर्भशास्त्रज्ञाने १८८७ मध्येच केली होती. आणि त्याच्याही पूर्वी मध्य प्रांतातील अगरिया लोक मातीच्या लहान भट्ट्यांत, कातड्याच्या भात्यांनी वारा घालून, पिढ्यान्‌पिढ्या लोखंड गाळीत होते. त्यांचे नाव कोणत्या नकाशावर आहे?

असो. खनिज सापडले, तरी कारखाना येथे झाला नाही. योग्य कोळसा आणि पुरेसे पाणी जवळ नव्हते. याच बोसबाबूंनी १९०४ च्या फेब्रुवारीत जमशेटजींना पत्र लिहून मयूरभंज संस्थानातील लोखंडाची वार्ता कळविली. मे महिन्यात जमशेटजी वारले. कारखाना पुढे साकची येथे, म्हणजे आजच्या जमशेदपुरास, उभा राहिला, आणि राजहरा अर्धे शतक पडून राहिला. सोव्हिएत सरकारशी १९५५ मध्ये करार झाला, १९५९ च्या फेब्रुवारीत भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली, तेव्हा कोठे या डोंगराचे दिवस पालटले.

दिवस पालटले, परंतु सर्वांचे नव्हेत. हाताने दगड फोडणारे हजारो कंत्राटी मजूर, बायका आणि पुरुष, येथे अल्प मजुरीवर राबले. शंकर गुहा नियोगी यांच्या पुढारीपणाखाली त्यांनी संघटना उभारली. १९७७ च्या जूनमध्ये पोलिसांच्या गोळीबारात ११ माणसे मारली गेली. नियोगींचाही १९९१ मध्ये भिलाईत खून झाला.

मजुरांनी आपल्या वर्गणीने आणि आपल्याच हातांनी बांधलेले रुग्णालय मात्र १९८३ पासून चालू आहे. गोळीबारात मेलेल्यांच्या स्मरणार्थ त्याचे नाव शहीद रुग्णालय. खाण पाहून परतताना आम्ही तेथे थांबलो. बाकावर एक म्हातारी नातवाला मांडीवर घेऊन आपली पाळी येण्याची वाट पाहत होती. तिच्या लुगड्याच्या काठावरही तीच तांबडी धूळ होती.