छत्तीस तासांचे गणित

दरवर्षी 19 डिसेंबर, म्हणजे गोवा मुक्तिदिन, आला की एक वाक्य हटकून कानावर पडते: ‘पंधरा वर्षे सत्याग्रह करून जे जमले नाही, ते लष्कराने छत्तीस तासांत करून दाखवले.’ वाक्य सुटसुटीत आहे, टाळीचे आहे. पण ते गोव्यापाशी थांबत नाही. त्यातून लगोलग सिद्धान्त काढला जातो की समोर हुकूमशहा असेल तर निःशस्त्र माणसाचा पाड काय? तो उगाच डोके फोडून घेतो. काम व्हायचे ते तोफेनेच होते.

हा पूर्वपक्ष प्रथम नीट मांडला पाहिजे, कारण तो पोकळ नाही. गांधींसमोर इंग्रज होते. त्यांच्या देशात पार्लमेंट होते, विरोधी पक्ष होता, चार गोष्टी छापणारी वर्तमानपत्रे होती. गोव्यासमोर सालाझार होता. त्याच्या पोर्तुगालात विरोधी पक्षाला जागा नव्हती, गुप्त पोलिसांना मात्र होती. गोव्यात तर लग्नपत्रिका छापायलाही सेन्सॉरचा शिक्का लागे. अशा राजवटीला लाज आणायची कशी? 15 ऑगस्ट 1955 रोजी हजारो सत्याग्रही सीमा ओलांडू लागले, पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या, वीसहून अधिक माणसे मेली. सालाझार तसूभरही हलला नाही. उलट दिल्लीनेच सत्याग्रहींची वाट बंद केली. आणि 1961 मध्ये फौज शिरताच गव्हर्नर जनरल वासालो ए सिल्वा दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी शरण आला. मग श्रेय कोणाचे?

यातले बरेचसे मला मान्य आहे. सत्याग्रहाने सालाझारचे हृदयपरिवर्तन झाले असते, असे म्हणण्याचा भाबडेपणा मी करणार नाही. अंगोलात 1961 मध्ये पेटलेले युद्ध त्याच्या मृत्यूनंतरही चालू राहिले, इतकी ती राजवट हटवादी होती. फौज लागली, यात वाद नाही. पण फौज लागली, एवढ्यावरून बाकीचे व्यर्थ ठरते काय?

आधी हिशेबच तपासू. पंधरा वर्षे सत्याग्रह कोणी केला? सामुदायिक सत्याग्रह चालला तो 1946 च्या जूनपासून काही महिने. मग 1954 च्या ऑगस्टमध्ये. मग 18 मे 1955 रोजी नानासाहेब गोरे आणि 74 वर्षांचे सेनापती बापट पहिली मोठी तुकडी घेऊन गेले, तेव्हापासून त्या 15 ऑगस्टपर्यंत, म्हणजे तीन महिने. त्यानंतर भारत सरकारने सीमेवर दोर बांधला. जो प्रयोग तीन महिन्यांत बाहेरून थांबवला गेला, तो पंधरा वर्षे करून फसला असे म्हणायचे, हे कोणते गणित? हरला म्हणा, थांबवला गेला म्हणा. पण दोन्हींना एकच शब्द वापरू नका.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे, आणि तो मी विरोधकांनाच विचारतो. फौज काय 1961 मध्ये जन्माला आली? हैदराबादची कारवाई सप्टेंबर 1948 मध्ये पाच दिवसांत आटोपली होती. त्याच फौजेला गोवा जड होता काय? रणगाडे होते, माणसे होती, हद्द लागून होती. मग तेरा वर्षे कोणती गोष्ट कमी पडत होती?

नेहरूंची हिंमत, असे उत्तर ताबडतोब येईल. ते अर्धे खरे आहे. पण हिंमत कशापुढे कमी पडत होती ते पाहा. पोर्तुगाल 1949 पासून नाटोचा सभासद. 1951 मध्ये सालाझारने राज्यघटनेत एक शब्द बदलला. वसाहतींना ‘सागरापारचे प्रांत’ म्हणायचे. शब्द बदलला आणि तटबंदी उभी राहिली. गोवा वसाहत नाहीच, तो पोर्तुगालचाच तुकडा. गोवेकर पोर्तुगीज आहेत आणि सुखी आहेत. गडबड करतात ते सीमेपलीकडचे हिंदू. हा दावा इतका पचला, की 2 डिसेंबर 1955 रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालच्या पावलो कुन्हांबरोबर काढलेल्या संयुक्त पत्रकात गोव्याला प्रांत मानण्याची भाषा आली. या दाव्याला रणगाडा हे उत्तर होत नाही. रणगाडा शिरला तर उलट दावाच पक्का होतो: पाहा, सुखी प्रांतावर शेजाऱ्याने आक्रमण केले! त्याला उत्तर देऊ शकत होते फक्त गोवेकर. तेही तोंड उघडून, नावानिशी, शिक्षा पत्करून.

आणि ते त्यांनी दिले. 18 जून 1946 ची मडगावची सभा सगळ्यांना ठाऊक आहे. समाजवादी नेते राममनोहर लोहिया बोलायला उभे राहिले, पोर्तुगीज अधिकाऱ्याने पिस्तूल काढले, लोहियांनी त्याचा हात बाजूला सारला. प्रसंग नाट्यमय आहे, म्हणून तोच लक्षात राहिला. पण लोहिया पाहुणे होते. ते ज्यांच्या घरी असोळण्याला उतरले, ते डॉ. ज्युलियांव मिनेझिस पाहुणे नव्हते. दोनच दिवसांनी त्याच मडगावात वत्सला कीर्तनी या तरुणीला घोषणा दिल्याबद्दल पकडले, तेव्हा पोलीस ठाण्यावर चालून गेलेल्या बायका पाहुण्या नव्हत्या. वर्षभरात त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा, पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे, रामा हेगडे यांना पोर्तुगालातल्या पेनिश किल्ल्यात नेऊन डांबले. या यादीत कुन्हा आहेत आणि काकोडकरही आहेत. ‘हिंदूंची गडबड’ ही बतावणी त्या यादीपाशीच संपते.

माझ्या आवडीचा प्रसंग मात्र याहून लहान आहे. 17 फेब्रुवारी 1954. म्हापशातली एक मेजवानी. कोणी तरी बोलताना गोवा म्हणजे पोर्तुगालच असे म्हणून गेले. जेवायला आलेल्यांत डॉ. पुंडलिक गायतोंडे होते. निष्णात शल्यविशारद, पोर्तुगालात शिकलेले, पत्नीही पोर्तुगीज. त्यांनी तिथल्या तिथे निषेध नोंदवला. भाषण नाही, मोर्चा नाही. डॉक्टरांना अटक झाली आणि त्यांची रवानगी पोर्तुगालात झाली. मी वाचकाला विचारतो: जी सत्ता साडेचारशे वर्षांची, जिच्यामागे नाटो उभी, तिला जेवणाच्या टेबलावरचा एक शब्द का सोसू नये? कारण तो शब्द तिच्या एकमेव युक्तिवादाच्या मुळावर येत होता. पोर्तुगीज पत्नीचा नवरा, पोर्तुगीजांच्या विद्यापीठाचा पदवीधर जर ‘मी पोर्तुगीज नाही’ म्हणतो, तर मग ‘सुखी प्रांत’ उरतो कुठे?

पुढच्या शिक्षाही हेच सांगतात. निःशस्त्र नानासाहेब गोऱ्यांना दहा वर्षे, मधू लिमयांना बारा. राष्ट्रीय काँग्रेस, गोवा या संघटनेच्या अध्यक्ष म्हणून म्हापशात उभ्या राहिलेल्या सुधाबाई जोशींना तुरुंग. निरुपद्रवी माणसाला कोणी एवढी सजा देत नाही.

आता पोर्तुगालच्याच ताब्यातल्या दादरा-नगरहवेलीचा मुद्दा. होय, 1954 मध्ये तिथे गेलेल्या स्वयंसेवकांच्या हाती शस्त्रे होती. आझाद गोमंतक दलाची वाट अहिंसेची नव्हती. ते लपवायचे कारण नाही, आणि त्या माणसांचे मोल कमी करण्याचा माझा हेतूही नाही. पण विरोधकांना हवे ते यातून निघत नाही. तो प्रदेश भारतीय लष्कराने घेतला नव्हता. पोर्तुगालने डिसेंबर 1955 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला आणि 12 एप्रिल 1960 रोजी निकाल आला: खासगी माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांना भारतीय हद्दीतून वाट देण्याचा रिवाज होता, फौज आणि शस्त्रे नेण्याचा हक्क पोर्तुगालला नव्हता, आणि तिथली सत्ता उलथल्यावर जी तंग परिस्थिती झाली होती तीत भारताने वाट अडवली, ते गैर नव्हते. हा निकाल दिल्लीला मिळाला, कारण तिथे आधी लोक गेले होते, पलटण नव्हे.

त्याच वर्षी 15 डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पोर्तुगालच्या ताब्यातील प्रदेशांची यादी केली आणि ते स्वयंशासित नसल्याचे ठरवले. त्या यादीत गोवा होता. ‘प्रांत’ हा शब्द त्या दिवशी निकालात निघाला. याचे सगळे श्रेय मडगाव-म्हापशाला देणे अप्रामाणिकपणाचे होईल. आफ्रिकेतले नवे देश त्या वर्षी मोठ्या संख्येने सभासद झाले होते, हे मोठे कारण. पण गोव्यातून कोणी आवाजच काढला नसता, तर यादीत त्याचे नाव कोणत्या तोंडाने घालायचे होते?

आणि मग 18 डिसेंबर 1961. भारताने माघार घ्यावी असा ठराव सुरक्षा समितीत आला. बाजूने सात, विरुद्ध चार. सोव्हिएत रशियाचा नकाराधिकार. ‘बघा, वाचवले ते रशियाने!’ बरोबर. पण विरुद्ध मतांत श्रीलंका, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक हेही होते. लायबेरिया काय मॉस्कोची अंकित होती? त्यांच्या लेखी हे आक्रमण नव्हते, वसाहतीचा अंत होता. 1955 मध्ये डलेसने ज्याला प्रांत म्हटले, त्याला 1961 मध्ये हे देश वसाहत म्हणत होते. मधल्या सहा वर्षांत भारताच्या तोफा वाजल्या नव्हत्या.

राहता राहिले ते छत्तीस तास. सालाझारने वासालो ए सिल्वाला शेवटच्या माणसापर्यंत लढण्याचा हुकूम दिला होता. पराभव स्वीकारायचा नाही, असे बजावले होते. गव्हर्नरने शरणागती पत्करली ती मुख्यतः फौजेची ताकद पाहून, हे मी आधीच मान्य केले आहे. पण गोवा खरोखर पोर्तुगाल असता, तर त्या दोन दिवसांत पेडण्यापासून काणकोणपर्यंत कुठे तरी लोक घराच्या रक्षणासाठी उठायला हवे होते. भारतीय तुकड्या पणजीकडे सरकताना वाटेत अडल्या त्या तुटलेल्या पुलांपाशी. बाणस्तारीला तर काही जवान खाडी पोहून गेले. ते पूल पोर्तुगीज फौजेने उडवले होते. गावकऱ्यांनी एकही उडवला नव्हता.