डिझेल आत, हवा बाहेर

पावसाळी बंदी ३१ जुलैला संपते. त्याच्या आगेमागे हर्णै-दाभोळपासून मिरकरवाड्यापर्यंतच्या नाखवांचे मला फोन सुरू होतात. इंजिन चालू होत नाही ही तक्रार त्यांत कमी. जास्त तक्रार वेगळीच असते: "मिस्त्री, टाकी डिझेल घेत नाय." पंपाची नोझल टाकीच्या तोंडात घातली की दोन-चार लिटरांत खटकन बंद पडते. पुन्हा दाबली, पुन्हा बंद. हट्टाने दाबून धरली तर फेस उसळतो आणि डेकवर डिझेलचं थारोळं होतं. काठी घालून बघावं तर टाकीत तळाला चार बोटं माल.

माझे वडील आधी शिडाच्या आणि मग इंजिनाच्या होडीवर तांडेल होते, मी इंजिन मिस्त्री झालो. या तक्रारीचं मूळ मला इंजिनात कधीच सापडलेलं नाही. आपल्या किनाऱ्यावर इंजिन ज्या रीतीने आलं, त्या रीतीत ते आहे असं माझं ठाम मत आहे.

१९५२ साली भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रं यांचा करार झाला आणि केरळात कोल्लमजवळच्या नींडकरा भागात यांत्रिक मासेमारीचं काम उभं राहिलं. तिथल्या ओंडके कोरून केलेल्या होड्या इंजिनाला चालण्याजोग्या नव्हत्या, म्हणून नव्या होड्या कागदावर आखून बांधाव्या लागल्या. आपलं उलट. मुंबई आणि गुजरातच्या किनाऱ्यावर फळ्यांच्या, भक्कम कण्याच्या होड्या आधीपासून होत्या. त्यांची डोलकाठी उतरवली, मागच्या बाजूला इंजिनाचा पाया घातला, शाफ्टसाठी भोक पाडलं की झाली यांत्रिक होडी. यांत्रिकीकरणात आपला किनारा देशात पुढे गेला तो याच सोयीमुळे. पण कागदावर आखलेल्या होडीत टाकी कुठे बसणार आणि तिच्या नळ्या कुठून जाणार हे आधी ठरतं. आमच्याकडे इंजिन आधी बसलं आणि टाकी उरलेल्या जागेत कोंबली गेली.

सुरुवातीला त्याचं काही बिघडलं नाही. इंजिनं लहान होती, होडी पहाटे जाऊन संध्याकाळी परत यायची. वडिलांच्या पहिल्या इंजिनाची टाकी म्हणजे इंजिनाच्या वर लाकडी फळीवर बांधलेला पत्र्याचा डबा. डिझेल आपल्या वजनाने खाली उतरायचं. हर्णैला होड्या खोल पाण्यात नांगरून असत. मासळी बैलगाडीतून काठावर यायची आणि वाळूतच लिलाव व्हायचा. त्याच वाटेने उलट दिशेला बर्फ, पाणी आणि डिझेलचे डबे छोट्या होडीतून जायचे. भरण्याचं साधन म्हणजे नरसाळं आणि जुन्या धोतराचं फडकं. नरसाळं धरायचं काम पोरांचं, म्हणून ते मला हातात आठवतं. नरसाळं तोंडावर घट्ट बसलं की डिझेल अडायचं, वर तुंबायचं, मग एकदम गुडगुड करून अर्धं अंगावर यायचं. वडिलांनी त्यावर एक उपाय शिकवला होता. नरसाळ्याची मान आणि डब्याची कड यांच्यामध्ये एक बारीक काडी अडकवायची. तेवढ्या फटीतून हवा बाहेर निघाली की डिझेल सरळ उतरतं. ती काडी म्हणजेच आजचा एअर पाईप. तेव्हा तो फुकट होता आणि डोळ्यांसमोर होता.

पुढे इंजिनं मोठी झाली. शेतीच्या पंपासाठी नावाजलेल्या कंपन्यांची इंजिनं होडीत आली, मग ट्रकचं सहा सिलिंडरचं इंजिन गिअरबॉक्स लावून समुद्रात उतरलं. ट्रॉलर आठवडाभर बाहेर राहू लागले. हजार-दोन हजार लिटरची टाकी डेकखाली गेली. वर राहिली फक्त भरण्याच्या पाईपची टोपी, आणि कुठेतरी केबिनच्या भिंतीला लागून एअर पाईपचं खाली वळवलेलं तोंड.

आता हा पाईप कुणी बसवायचा? होडी बांधणारा सुतार लाकूड जाणतो. टाकी घडवणारा वेल्डर पत्रा जाणतो, त्याला टाकी गळू नये एवढीच काळजी. इंजिन कंपनीचं पुस्तक फिल्टरपासून सुरू होतं, टाकीच्या अलीकडे ते येत नाही. मधला हात-दोन हातांचा पाईप कुणाच्याच कामात मोडत नव्हता. म्हणून तो मिळेल त्या नळीचा, मिळेल त्या वाटेने गेला. भरण्याचा पाईप दीड-दोन इंची आणि हवेचा अर्धा इंची, असं मी किती होड्यांवर पाहिलं असेल! एक लिटर डिझेल आत गेलं की एक लिटर हवा बाहेर पडलीच पाहिजे, यात कुठलीही सवलत नाही. कॅनने ओतताना ती सावकाश निघते. पंप मिनिटाला चाळीस लिटर टाकू लागला की अर्ध्या इंचाला ते झेपत नाही.

जेटीवर पंप आले तेव्हाच ही तक्रार वाढली, हे मला ठळक आठवतं. नोझलच्या टोकाजवळ एक बारीक भोक असतं. डिझेल वाहताना त्या भोकातून हवा ओढली जात असते. भोकाला डिझेल किंवा फेस लागला की आतला पडदा ओढला जातो आणि खटका सुटतो. टाकी भरली की आपोआप बंद व्हावं यासाठी ती योजना आहे. पण टाकीतली हवा अडून भरण्याच्याच पाईपने वर येऊ लागली, की ती फेस घेऊन येते आणि नोझलला टाकी भरल्यासारखी वाटते. लोक पंपवाल्याशी भांडतात. पंप बिचारा बरोबर असतो.

बंदीनंतरच हे का होतं, त्यालाही आपली एक रीत कारण आहे. पूर्वी नारळी पौर्णिमेला समुद्र उघडायचा, आता १ ऑगस्टला. तोवर होडी वर ओढून झापांनी शाकारलेली असते. पावसाचं पाणी शिरू नये म्हणून एखादा खलाशी एअर पाईपच्या तोंडात चिंधी कोंबतो आणि गावी जातो. ऑगस्टला येतो तो दुसराच खलाशी. चिंधी नसेल तर कुंभारीण माशी असते. तिला असं कोरडं, खाली तोंड असलेलं नळकांडं फार आवडतं. एका पाईपमधून मी तारेने चिखलाची एकामागे एक घरं बाहेर काढली. फोडली तर प्रत्येकात तिने पिल्लासाठी ठेवलेल्या हिरव्या अळ्या, अजून ओल्या. तिसरं कारण रंगारी. मोसमाआधी होडी रंगवताना पाईपच्या तोंडावरच्या जाळीवर ब्रश फिरतो आणि जाळीची सगळी भोकं ऑइलपेंटने बुजतात.

याहून चुकवणारा दोष म्हणजे झोळ. रबरी नळी उन्हाने आणि इंजिनाच्या उष्णतेने मऊ पडते, मध्येच लोंबते. लाटेत टाकीतलं डिझेल उसळून त्या झोळात साचतं आणि तिथेच राहतं. दोन्ही तोंडं मोकळी दिसतात, फुंकर मारली तर जरा जोराने हवा जातेही, पण भरताना वाट बंद. नळी वर ताणून पट्टीने बांधली की दोष गेला, एका पैशाचा खर्च नाही.

आणि होडीचा कल. एअर पाईप टाकीच्या पुढच्या कोपऱ्यात असेल आणि आधी पुढच्या खणात बर्फ भरून नाळ दबली असेल, तर डिझेल पुढे धावतं, पाईपचं मूळ बुडतं आणि मागच्या अर्ध्या भागात हवा कोंडून राहते. टाकीतल्या आडव्या पडद्यांना वरून कट ठेवलेला नसेल तर तेच. अशा होडीला मी एवढंच सांगतो: आधी डिझेल, मग बर्फ.

दोष कुठे आहे हे कळायला टाकी कापावी लागत नाही. एअर पाईप टाकीच्या मुळाशी सोडवायचा आणि सावकाश भरून बघायचं, फडकं हाताशी ठेवून आणि स्टोव्ह बंद करून. डिझेल सरळ गेलं तर दोष हवेच्या पाईपमध्ये. तरी अडलं तर भरण्याचा पाईप बघायचा. रबरी पाईपचं आतलं अस्तर सुटून मध्ये झापेसारखं पडतं, ते बाहेरून दिसत नाही.

जबरदस्तीने भरू नये हे मी पुन्हा पुन्हा सांगतो, कारण हिशेब भीतिदायक आहे. एक मीटर लांब, एक मीटर रुंद पत्र्यावर दर चौरस सेंटिमीटरला फक्त शंभर ग्रॅम दाब आला, तरी एकूण जोर एक हजार किलोचा होतो. टाकीचा पत्रा फुगतो, वेल्डिंग उकलतं, आणि ते कळतं तळाच्या पाण्यावर डिझेलचा तवंग दिसला की. त्याहून वाईट म्हणजे तोच बुजलेला पाईप समुद्रात. इंजिन डिझेल ओढत राहतं, टाकीत हवा शिरत नाही, ओढ वाढते आणि इंजिन दम टाकतं. ड्रायव्हर म्हणतो एअर पकडला, फिल्टर उघडून बसतो. रात्रीच्या वाऱ्यात किनारा जवळ असताना त्या अर्ध्या तासाची किंमत खलाशांच्या घरच्यांना विचारावी. अशा वेळी आधी टाकीची टोपी सैल करा. सूं करून हवा आत गेली आणि इंजिन सावरलं, तर दोष सापडला.

मार्च २०२२ मध्ये नरसाळं पुन्हा बाहेर आलं. मच्छीमार सोसायट्यांचे पंप घाऊक ग्राहकांत मोडतात. घाऊक डिझेल लिटरमागे सुमारे २५ रुपयांनी वाढलं. मुंबईत ते १२२ रुपयांवर गेलं, तेव्हा रस्त्यावरच्या पंपावर भाव ९४ होता. २०१३ सालीही घाऊक भाव वेगळा काढल्यावर हाच चटका बसला होता. जेटीवर पंप असताना लोक टेम्पोतून कॅन आणू लागले. हजार लिटरच्या टाकीला ३५ लिटरचे कॅन किती लागतात ते खलाशांच्या पाठींनी मोजलं. त्या दिवसांत टाकी डिझेल घेत नाही असा फोन मला फारसा आला नाही. कॅनचा वेग अर्ध्या इंचाच्या पाईपला पुरत होता, एवढंच. भाव जुळले, नोझल परत आली आणि बुजलेले पाईप पुन्हा उघडे पडले.

आता नवी टाकी घडवायला निघाली की मी वेल्डरकडे आधीच जातो. एअर पाईप एक इंचाच्या खाली नको, टाकीच्या सगळ्यात उंच जागेवरून निघू दे, वर चढत जाऊ दे, कुठे झोळ नको, तोंड लाटेच्या वर आणि खाली वळलेलं, त्यावर पितळी जाळी, आणि ती स्क्रूने निघणारी. पहिली भरण होताना काठीवर शंभर-शंभर लिटरच्या खुणा मी स्वतः करतो आणि नाखवाला दुसरा हात त्या पाईपच्या तोंडावर धरायला सांगतो. तळव्यावर वारा लागत असेपर्यंत नोझल दाबून ठेवायची.