चौदा डिस्क, चार डिस्क आणि काउंटरवरची रांग

आजचा भाग हार्ड डिस्कच्या इतिहासावर आहे, पण सुरुवात माझ्याच एका फजितीने करतो.

२०१० ची गोष्ट. मी एका पतसंस्थेत कॉम्प्युटर सांभाळायचो. सर्व्हरला चौदा डिस्क होत्या, प्रत्येकी ७३ जीबीच्या, मिनिटाला १५,००० फेरे मारणाऱ्या. सगळ्या मिळून जेमतेम एक टीबी. आवाज एवढा, की शेजारी बसणाऱ्या अकाउंट्सच्या काकू वैतागायच्या. तेव्हा एकेक टीबीच्या डिस्क स्वस्तात मिळायला लागल्या होत्या. मी म्हटलं, "सर, चार नव्या घेऊ. दोन-दोनच्या जोड्या लावल्या तरी जागा दुप्पट, वीज कमी." रविवारी बदल केला. एक मोठी फाइल कॉपी करून पाहिली. सुसाट! सोमवारी अकरा वाजता रांग दाराबाहेर. पासबुक छापायला घेतलं की स्क्रीन थिजायची. साहेब एवढंच म्हणाले, "अरे, नवीन घेतल्यात ना?"

चूक कुठे झाली, हे कळायला १९५६ मध्ये जावं लागतं. आयबीएमने त्या वर्षी रॅमॅक आणला. त्यात दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास चकत्या, आणि सगळ्या मिळून पन्नास लाख अक्षरं मावायची. हवं ते अक्षर शोधायला सरासरी ०.६ सेकंद. कारण एक यांत्रिक हात वर-खाली, आत-बाहेर सरकायचा. आता २००७ बघा. पहिली एक टीबीची डिस्क आली. क्षमता रॅमॅकच्या दोन लाख पट! आणि शोधण्याचा वेळ? साधारण १२-१३ मिलिसेकंद. म्हणजे वेग पन्नास पटही वाढला नाही. चकतीवरची अक्षरं बारीक करता येतात, पण हात शेवटी यांत्रिक, सरकायला वेळ घेणारच.

ही दरी बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी फार आधी ओळखली. १९८८ मधला त्यांचा रेडवरचा निबंध प्रसिद्ध आहे. आयबीएमच्या ३३८० या अवाढव्य डिस्कच्या जागी शंभर-शंभर एमबीच्या ७५ छोट्या डिस्क लावा, असं ते म्हणत होते. क्षमता तेवढीच, पण एका वेळी ७५ हात कामाला. हिशेबाने काम साधारण बारापट. (रेडमधला 'आय' तेव्हा 'इनएक्स्पेन्सिव्ह'चा होता, स्वस्तचा. पुढे कंपन्यांनी तो 'इंडिपेंडंट' केला. का, ते तुम्हीच ओळखा!)

मी नेमकं उलटं केलं होतं. हात कमी केले.

हिशेब सोपा आहे. १५,००० फेऱ्यांची डिस्क एक फेरा ४ मिलिसेकंदांत मारते, म्हणजे हवी ती जागा हाताखाली यायला सरासरी २. हात सरकायला साडेतीन-चार. एकूण सहाच्या आत, म्हणजे सेकंदाला १७० च्या आसपास कामं. चौदा डिस्कची तेवीसशेच्या वर. माझ्या नव्या डिस्क ७,२०० फेऱ्यांच्या, प्रत्येकी ऐंशीच्या आसपास कामं. गुणिले चार, तीनशे वीस! आणि जोडीत प्रत्येक नोंद दोनदा लिहायची, म्हणजे लिहिण्याची कामं त्याच्याही निम्मी. फाइल कॉपी सुसाट झाली कारण तिचा डेटा सलग असतो, हात फारसा हलत नाही. पासबुकाच्या नोंदी मात्र डिस्कभर विखुरलेल्या. मी चाचणीच चुकीची घेतली होती.

मंगळवारी रात्री जुन्या चौदा परत लावल्या. नव्या चार बॅकअपला.

मग कमी डिस्क जुन्या सर्व्हरला कधीच गाठू शकत नाहीत का? फिरणाऱ्या असतील तर अशा कामात अवघडच. पण २००८ मध्येच इंटेलची एक्स २५-ई ही एसएसडी आली होती. सेकंदाला ३५,००० वाचनं, असा कंपनीचा आकडा. त्यात हातच नाही! किंमत मात्र आमच्यासारख्यांना तेव्हा झेपणारी नव्हती. दोन-तीन वर्षांनी आम्ही दोन एसएसडी घेतल्या आणि चौदा डिस्क काढल्या. यावेळी आधी खऱ्या नोंदींवर चाचणी केली, तीही गुपचूप शनिवारी.

सोमवारी काकूंनी विचारलं, "सर्व्हर बंद पडलाय का रे? आवाज नाही."