रोमचा प्रांत आणि रतनपूरचा सुभा

इतिहासाच्या तासाला रोमन साम्राज्य शिकवताना मी फळ्यावर दोन शब्द शेजारी शेजारी लिहिते : 'नागरिक' आणि 'प्रांत'. सैन्यात लढणारा, सभेत मत देणारा, कायद्याचे संरक्षण लाभलेला तो रोमचा नागरिक. रोमने जिंकलेला, कर भरणारा आणि रोमहून आलेल्या अधिकाऱ्याच्या हुकमात राहणारा मुलूख तो प्रांत. काही वर्षांपूर्वी हाच धडा चालू असताना एका मुलीने हात वर केला आणि विचारले, "मॅडम, नागपूरकर भोसल्यांचे राज्य इथे होते, तेव्हा छत्तीसगड त्यांचा प्रांतच होता ना? मग आपण कोण? रोमन की प्रांतातले?"

वर्ग हसला. मला मात्र लगेच उत्तर देता आले नाही. त्या मुलीच्या वडिलांचे मूळ गाव भंडारा जिल्ह्यात, आई दुर्गची. घरात मराठी, अंगणात छत्तीसगढी आणि बाजारात हिंदी. आपल्या शाळेतील बहुतेक मुलांची हीच स्थिती आहे. हीरक महोत्सवाच्या या अंकासाठी लेख लिहावयास बसले, तेव्हा तोच प्रश्न पुन्हा समोर उभा राहिला. त्याचे उत्तर शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम युद्धाचा विचार करू. आरंभीच्या काळात रोमचा सैनिक हा मूळचा शेतकरी होता. स्वतःच्या खर्चाने शस्त्रे घ्यावीत, मोहिमेवर जावे आणि युद्ध संपताच नांगराकडे परतावे, असा शिरस्ता होता. परंतु समुद्रापलीकडील मोहिमा वर्षानुवर्षे चालू लागल्या, शेते ओस पडली, जमिनी श्रीमंतांच्या हाती गेल्या. अखेर इ. स. पू. १०७ मध्ये मारियस या सेनापतीने भूमिहीनांनाही सैन्यात घेतले. या सैनिकाजवळ परतण्यासाठी शेत नव्हते. त्याचे भवितव्य आपल्या सेनापतीच्या विजयावर, लुटीवर आणि निवृत्तीनंतर मिळणाऱ्या जमिनीवर अवलंबून राहिले. सैन्य पोसण्यासाठी प्रांत हवेत आणि प्रांत मिळवण्यासाठी सैन्य हवे, अशा फेऱ्यात ते राज्य सापडले.

मराठी सैन्याशी परिचय असलेल्या वाचकाला हे चित्र अनोळखी वाटणार नाही. आपल्याकडे स्वतःचा घोडा आणि हत्यारे घेऊन येणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर चाकरी करणारा तो बारगीर. अठराव्या शतकात मोहिमा लांबत गेल्या, तसतसा फौजेचा खर्च दूरच्या मुलखातील चौथाईवर अवलंबून राहू लागला. नागपूरचे पहिले रघूजी भोसले यांची दृष्टी ओडिशा आणि बंगालवर होती. नागपूरहून तिकडे जाण्याची वाट छत्तीसगडातून जात असे, आणि हा मुलूख भोसल्यांच्या हाती जाण्याचे मूळ कारण ही वाट होय.

इ. स. १७४१ मध्ये रघूजींचे सेनापती भास्करपंत कोल्हटकर या वाटेने आले. दुर्गच्या जुन्या मातीच्या किल्ल्याजवळ मराठ्यांनी आपला तळ दिला होता, अशी नोंद जुन्या गॅझेटिअरात आहे. म्हणजे आज आपण शिवनाथ नदीच्या पुलाकडे जातो, त्याच परिसरात त्या फौजेचे घोडे बांधलेले होते. तेथून फौज रतनपूरवर गेली. रतनपूरला हैहयवंशी कलचुरींचे शतकानुशतकांचे राज्य होते. गादीवर रघुनाथसिंह होता. तो वृद्ध होता आणि मुलाच्या मृत्यूने खचला होता. तोफांनी राजवाड्याचा काही भाग ढासळताच नगराने शरणागती पत्करली. शहरावर एक लाख रुपयांचा दंड बसवून फौज पुढे गेली.

या मोहिमांचा शेवट आपल्या पाठ्यपुस्तकांत सहसा एका ओळीत येतो : १७५१ च्या तहाने अलीवर्दीखानाने बंगालची चौथाई म्हणून सालाना बारा लाख रुपये देण्याचे मान्य केले आणि ओडिशा भोसल्यांकडे आला. ही ओळ वाचताना आपली मान ताठ होते. परंतु बंगालमध्ये त्याच बारगिरांना 'बर्गी' म्हणतात, आणि तेथील आया बाळाला झोपवताना पिढ्यान्‌पिढ्या त्यांचा धाक घालत आल्या आहेत. एकाच घोड्याच्या टापा दोन घरांत दोन प्रकारे ऐकू येतात. मुलांना इतिहास शिकवायचा, तर दोन्ही घरांत जाऊन आले पाहिजे.

आता राज्यकारभाराकडे वळू. कलचुरींच्या काळी या मुलखाची विभागणी गढांमध्ये होती. शिवनाथच्या उत्तरेस अठरा गढ रतनपूरच्या सत्तेखाली आणि दक्षिणेस अठरा गढ रायपूरच्या, अशी परंपरा सांगते. एका गढात चौऱ्याऐंशी गावे धरली जात. गावाचा प्रमुख गौंटिया. सारा गोळा करणे त्याच्याकडे होते. अनेक गावांत 'लाखाबाटा' नावाची चाल होती. काही वर्षांनी शेतांची नव्याने वाटणी होई, म्हणजे चांगली जमीन एकाच घराकडे कायम राहू नये. ज्या समाजाकडे स्वतःचा एवढा शहाणा रिवाज होता, त्याला कारभार ठाऊक नव्हता असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये.

१७५८ मध्ये रघूजींचे पुत्र बिंबाजी भोसले यांच्याकडे छत्तीसगडचा प्रत्यक्ष कारभार आला. त्यांनी रतनपूरलाच राहण्याचे ठरवले आणि १७८७ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते तेथेच राहिले. रामटेकडीवर त्यांनी राममंदिर बांधले. नागपूरजवळच्या रामटेकाची आठवण त्यामागे असावी. दरबारात मराठी आणि मोडी लिपी आली. दसऱ्याला सोने म्हणून पाने वाटण्याची चाल त्यांनीच येथे रुजवली, असे स्थानिक इतिहासकार मानतात. त्यांचे राज्यही तलवारीनेच आले होते आणि करही होतेच : जमीनदारांकडून टाकोली, मालाच्या ये-जा करण्यावर सायर, शेती न करणाऱ्यांवर पांढरी. तरीही रयतेची तक्रार राजाच्या कानी पडण्यास फार दूर जावे लागत नव्हते, आणि दुष्काळ पडला तर तो राजालाही डोळ्यांनी दिसत होता.

बिंबाजींच्या मागे व्यंकोजी भोसल्यांकडे अधिकार आला. त्यांनी नागपुरातच राहणे पसंत केले आणि छत्तीसगडचा कारभार सुभेदारांमार्फत चालू केला. १७८७ ते १८१८ हा येथील 'सुभा' पद्धतीचा काळ. गढांच्या जागी परगणे आले, त्यांवर कमाविसदार नेमले गेले. सुभेदारी मात्र जो अधिक रक्कम देण्याचे कबूल करील त्याला मिळू लागली. म्हणजे कारभाराचा मक्ताच झाला. ज्याने मोठी बोली लावून अधिकार घेतला आणि तो किती दिवस टिकेल याची ज्याला खात्री नाही, तो काय करणार? तो कमाविसदारावर दाब आणणार, कमाविसदार गौंटियावर आणि गौंटिया कुळावर. साखळीच्या शेवटी जो उभा असतो त्याला दाब देण्यास खाली कोणीच नसते. त्याच्याकडे फक्त बैल, बियाणे किंवा गाव सोडून जाण्याचा मार्ग उरतो. १७९५ मध्ये या भागातून गेलेल्या कॅप्टन ब्लंट या इंग्रज प्रवाशाने रतनपूरच्या पडझडीचे वर्णन केले आहे.

आणि येथेच रोमची आठवण पुन्हा येते. रोमने आपल्या प्रांतांतील करवसुली ठेकेदारांच्या मंडळ्यांना लिलावाने दिली होती. त्यांना 'पुब्लिकानी' म्हणत. आशिया नावाच्या, म्हणजे आजच्या पश्चिम तुर्कस्तानातील, श्रीमंत प्रांताच्या कराचा लिलाव रोम शहरातच व्हावा असा कायदा इ. स. पू. १२३ मध्ये गायस ग्राकस याने केला. गंमत अशी की हा माणूस रोमच्या गरिबांचा कैवारी होता; त्यांना स्वस्त धान्य मिळावे म्हणून त्याने आयुष्य वेचले. पण राजधानीतील गरिबांची दया ज्या पैशाने करायची, तो पैसा प्रांतातील गरिबांच्या घरून येत होता. पस्तीस वर्षांनी, इ. स. पू. ८८ मध्ये, त्या प्रांतात रोमविरुद्ध वणवा पेटला आणि एका ठरलेल्या दिवशी हजारो इटालियन माणसे, त्यांत बायका-मुलेही, कापली गेली. ठेकेदारांनी पेरले ते व्यापाऱ्यांच्या आणि लेकरांच्या वाट्याला उगवले.

सिसिली बेटावर वेरेस नावाचा सुभेदार तीन वर्षे होता. त्याने मंदिरांतील मूर्तींपासून शेतातील धान्यापर्यंत काही सोडले नाही. मात्र इ. स. पू. ७० मध्ये सिसिलीच्या लोकांनी सिसेरोकडे दाद मागितली, सिसेरोने पुरावे गोळा केले, खटला उभा राहिला आणि निकाल लागण्यापूर्वीच वेरेस रोम सोडून पळाला. सिसिलीकरांनी सिसेरोकडेच का जावे? कारण तो काही वर्षांपूर्वी त्यांच्यात कनिष्ठ अधिकारी म्हणून राहून गेला होता. तो त्यांना चेहऱ्याने ओळखत होता. पुढे ज्युलियस सीझरने आशियातील मुख्य कराची ठेकेदारी बंद केली आणि साम्राज्याच्या काळात वेतन घेणारे अधिकारी हळूहळू वाढले. छत्तीसगडच्या सुभ्याला मात्र असा सिसेरो मिळाला नाही.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. सीताबर्डीच्या १८१७ च्या लढाईनंतर छत्तीसगड इंग्रज अधीक्षकाच्या देखरेखीखाली गेला. अधीक्षक अ‍ॅग्न्यू याने १८२० मध्ये या सुभ्यावर जो अहवाल लिहिला, त्यावर सुभेदारांविषयीची आपली पुष्कळशी माहिती आधारलेली आहे. आदल्या राज्याचे दोष मोठे करून दाखवण्यात नव्या राज्यकर्त्याचा लाभ असतो. गॉल लोकांविषयी आपण जे वाचतो तेही बरेचसे त्यांना जिंकणाऱ्या सीझरनेच लिहिलेले आहे. म्हणून असे कागद वाचताना लेखणी कोणाच्या हातात होती, हे विद्यार्थ्याने आधी विचारावे. तरीही बोली लावून दिलेला अधिकार रयतेला पिळतो, हे कळण्यास इंग्रजाचा अहवालच हवा असे नाही.

राहिला समाज. रोमचे मोठेपण मला त्याच्या पलटणींपेक्षा एका वेगळ्याच गोष्टीत दिसते. जिंकलेल्यांना आपल्यात घेण्याचे दार रोमने हळूहळू, कुरकुरत, पण उघडले. इ. स. ४८ मध्ये क्लॉडियसने गॉलमधील प्रतिष्ठितांसाठी सिनेट खुली केली. पुढे ट्रेजन हा स्पेनमध्ये जन्मलेला मनुष्य सम्राट झाला. २१२ मध्ये साम्राज्यातील जवळजवळ सर्व स्वतंत्र माणसांना नागरिकत्व मिळाले. गुलाम बाहेरच राहिले, हा कलंक आहेच. पण रोमन कोण आणि प्रांतातला कोण, हा माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न त्या दिवशी कायद्यापुरता तरी मिटला.

आपल्याकडे तो कोणी मिटवला? १८५४ मध्ये नागपूरचे राज्यच खालसा झाले. सुभेदार गेले, परगणे गेले. परंतु येथे राहिलेली मराठी घरे होती, आणि त्यांनी निराळा मार्ग धरला. माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक काढले. वामनराव लाखे त्याचे प्रकाशक होते. मातृभाषा मराठी असलेल्या या माणसाने छत्तीसगडच्या पत्रकारितेचा पाया हिंदीतून घातला आणि दासबोध व गीतारहस्य हिंदी वाचकांच्या हाती दिले. आपल्या शेजारच्या राजनांदगावात, दिग्विजय महाविद्यालयात, गजानन माधव मुक्तिबोध शिकवत होते. घरची भाषा मराठी, कविता हिंदीची. चौथाई नेणाऱ्यांच्या भाषेतील माणसांनी दीडशे वर्षांनी येथे काही आणून ठेवले.

आणि मग भिलाई. १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला, १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी पेटली आणि देशाच्या सर्व कोपऱ्यांतून माणसे आली. विदर्भातूनही आली. नागपूरहून येणारी वाट तीच होती, १७४१ ची. पण या वेळी येणाऱ्यांच्या हातात जेवणाचा डबा होता आणि खिशात नेमणुकीचा कागद. त्यांनी वैशाली नगरात घरे बांधली, आणि आपल्या मुलांना आजीचे पत्र वाचता यावे म्हणून शाळेसाठी घरोघर फिरून वर्गणी मागितली. साठ वर्षे ती शाळा चालली आहे. आज पट घटतो आहे, हे मी लपवत नाही. लॅटिनसुद्धा पलटणींच्या जोरावर टिकली नाही. ज्या घरांत ती मुलांशी बोलली गेली, तेथे रूपे बदलून ती जगली.

त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी जे सांगितले तेच येथे लिहिते. "बाळ, जो दूर राहून नेतो त्याच्यासाठी हा प्रांत असतो. जो येथे राहतो, येथला दुष्काळ आणि येथला दसरा दोन्ही आपले मानतो, तो येथला नागरिक. भोसल्यांच्या एकाच घराण्यात तुला दोन्ही सापडतील. आपण कोण व्हायचे, ते आपल्या राहण्यावर आहे."

माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना माझी एक विनंती आहे. सुटीत मुलांना नागपूरला जरूर न्या, पण एकदा रतनपूरलाही न्या. बिलासपूरहून ते तासाभराच्या आत येते. महामायेचे दर्शन घ्या, रामटेकडी चढा, आणि वरून खाली पडझडीचे अवशेष दिसले की मुलांना दोन्ही गोष्टी सांगा : मंदिर कोणी बांधले आणि दंड कोणी भरला. ती मुलगी आता दुर्गमध्येच शिक्षिका आहे. गेल्या वर्षी ती आपल्या वर्गातील मुलांना घेऊन रतनपूरला जाऊन आली. त्यांतील एकही मूल मराठी नव्हते.