मार्सेलिसचे तीन दिवस आणि एक उडी

लंडनहून तीन दिवसांसाठी भूमध्य समुद्राकाठी जायचं म्हटलं की मंडळी बार्सिलोना किंवा नीसचं नाव घेतात. आमच्या घरी मार्सेलिस ठरलं. फ्रेंच लोक त्याला मार्सेय म्हणतात, पण शाळेच्या पुस्तकापासून आपल्या तोंडी मार्सेलिसच बसलंय. मुलांनी विचारलं, "तिथं काय आहे?" मी सावरकरांच्या उडीची गोष्ट सांगायला बसलो आणि पहिल्याच प्रश्नाला अडखळलो. "किती लांब पोहले?"

आपण ऐकलेल्या गोष्टीत खवळलेला समुद्र असतो, मैलोन् मैल अंतर असतं, गोळ्यांचा वर्षाव असतो. प्रत्यक्षात 'मोरिया' बोट बंदरात आलेली होती.

झालं ते असं. सावरकरांना १३ मार्च १९१० रोजी लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवर अटक झाली. राजद्रोह आणि खुनाला साहाय्य असे आरोप ठेवून त्यांना खटल्यासाठी हिंदुस्थानात पाठवायचं ठरलं. १ जुलैला बोट निघाली, ७ तारखेला संध्याकाळी मार्सेलिसला लागली. ८ जुलैच्या सकाळी संडासाच्या छोट्या गवाक्षातून सावरकरांनी पाण्यात उडी घेतली, पोहत किनारा गाठला आणि धावत सुटले. फ्रेंच बंदर पोलिसाच्या एका ब्रिगेडियरनं त्यांना पकडलं. आपल्याकडे या शब्दानं मोठा लष्करी अधिकारी डोळ्यांपुढे येतो, हा मात्र पोलिसातला साधा हुद्देदार. बोटीवरून धावत आलेल्या तिघांच्या मदतीनं त्यानं सावरकरांना पुन्हा बोटीवर नेलं. ९ तारखेला बोट पुढे निघाली.

अंतर थोडं होतं म्हणून धाडस थोडं ठरत नाही. उलट उडीचं खरं मोल अंतरात नव्हतंच, ते जमिनीत होतं. फ्रान्सच्या भूमीवर पाय ठेवलेल्या राजकीय कैद्याला रीतसर हस्तांतराशिवाय परत देता येतं का? मादाम कामा आणि पॅरिसमधले हिंदी क्रांतिकारक धडपडले. जाँ जोरेस यांच्या 'ल्युमानिते' या समाजवादी पत्रानं आवाज उठवला. फ्रान्सनं सावरकरांना परत मागितलं आणि २५ ऑक्टोबर १९१० रोजी दोन्ही सरकारांनी वाद हेगच्या लवादाकडे सोपवला. एका मराठी तरुणापायी दोन साम्राज्यं लवादापुढे उभी राहिली!

२४ फेब्रुवारी १९११ रोजी निकाल लागला. पकडून परत देण्यात अनियमितता झाली, हे लवादानं मान्य केलं. पण ब्रिटिश पोलिसांनी फ्रेंच पोलिसांना आधीच कळवलेलं होतं, फसवणूक किंवा बळजबरी झाली नव्हती, म्हणून ब्रिटननं कैदी परत देण्याचं बंधन नाही, असं ठरलं. म्हणजे चूक झाली, पण चुकीची भरपाई नाही. तोवर मुंबईच्या विशेष न्यायालयानं २४ डिसेंबर १९१० आणि ३० जानेवारी १९११ रोजी दोन जन्मठेपा सुनावूनही टाकल्या होत्या. पुढे अंदमान.

आता आमचा बेत. पहिला दिवस जुन्या बंदराचा. ख्रिस्तपूर्व ६०० च्या सुमाराला ग्रीक व्यापाऱ्यांनी वसवलेलं हे गाव, टेकडीवरचं नोत्रदाम द ला गार्द आणि संध्याकाळी माशांचं बुयाबेस. पण मोठ्या आगबोटी या जुन्या बंदरात लागत नसत. एकोणिसाव्या शतकात त्यांच्यासाठी उत्तरेला जोलिएतपासून नवे धक्के बांधले गेले. म्हणून दुसऱ्या दिवशी तिकडे चालत जायचं. तिसरा दिवस माझार्गच्या युद्ध दफनभूमीसाठी. पहिल्या महायुद्धात हिंदी फौजेच्या पहिल्या तुकड्या २६ सप्टेंबर १९१४ पासून याच बंदरात उतरल्या. त्यांतल्या कित्येकांनी घर पुन्हा पाहिलं नाही. गांधीजीही गोलमेज परिषदेला जाताना ११ सप्टेंबर १९३१ रोजी इथंच उतरले होते. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये या शहरात भारताचा वाणिज्य दूतावास उघडला.

सावरकरांच्या पुढच्या राजकारणाबद्दल आपल्यात मतभेद आहेत, मंडळात चहाच्या वेळी ते ऐकूही येतात. धक्क्यावर उभं राहून मुलांना मी एवढंच सांगणार आहे: गोष्ट मोठी वाटावी म्हणून समुद्र लांब करायची गरज नसते. "किती लांब?" याचं उत्तर "थोडंसंच." आणि मग "का?" हा प्रश्न त्यांनीच विचारावा, अशी इच्छा आहे.