मामल्यातल्या पिसवा आणि जगाचे नियम

पोस्ट लांब आहे, वेळ काढून वाचा. आपल्या जिल्ह्याची गोष्ट आहे आणि आपल्याच पोरांना ती माहीत नाही, म्हणून लिहितोय.

मागच्या आठवड्यात कॉलेजच्या चार मुलांशी बोलत होतो. विचारलं, बीडचं नाव कधी साऱ्या जगाच्या वर्तमानपत्रांत आलं होतं? एकानं राजकारणातलं नाव घेतलं, दुसरा दुष्काळ म्हणाला. प्लेग कोणाच्याच तोंडी आला नाही.

१९९४ चा ऑगस्ट. बीड जिल्ह्यातलं मामला गाव. घरात पिसवा फार झाल्यात, चावून चावून जीव खातायत, अशी तक्रार महिन्याच्या सुरुवातीलाच आली होती. मग उंदीर मरून पडायला लागले. महिना संपत आला तसे ताप आणि जांघेत, काखेत गाठ आलेले रुग्ण दिसले. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत दिल्लीहून आलेल्या तज्ज्ञांची खात्री पटत गेली की हा गाठीचा प्लेग असावा. देशात त्याआधीचा शेवटचा नोंदलेला प्लेग १९६६ चा. म्हणजे तरुण डॉक्टरांनी हा रोग फक्त पुस्तकात वाचलेला.

आता हा क्रम नीट बघा. आधी पिसवा, मग उंदीर, मग माणूस. प्लेगचा जंतू मुळात उंदराचा. उंदीर मेला की त्याच्या अंगावरची पिसू उपाशी पडते आणि मिळेल त्या अंगावर उडी मारते. म्हणून प्लेगात नुसते उंदीर मारत सुटणं घातक असतं. आधी पिसू मारायची पावडर टाकायची, मग उंदरांच्या मागं लागायचं. आपल्या आज्या-पणज्यांना हे शास्त्र कोणी शिकवलं नव्हतं, पण घरात उंदीर पडला की गाव सोडून रानात झोपडी घालायची, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. जुन्या माणसांना विचारा, प्लेगच्या झोपड्यांच्या गोष्टी अजून निघतील.

उंदीर इतके वाढले कशाने? त्याचं उत्तर एक वर्ष मागं जातं. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनाची रात्र उलटून पहाट होत होती आणि किल्लारीचा भूकंप झाला. हादरे आपल्याकडंही बसले. त्यानंतर कित्येक महिने माणसं मातीच्या घरात झोपायला भीत होती. घरं रिकामी आणि धान्य मात्र आतच, मग उंदरांची चैनच झाली. मामल्याच्या साथीचा धागा अभ्यासकांनी या रिकाम्या घरांशी जोडला आहे. एका आपत्तीचं मदतकार्य सुरू असताना दुसरी आपत्ती कणगीमागं वाढत होती.

मी तेव्हा शाळेत होतो. तोंडाला रुमाल बांधून वर्गात बसलेलो आठवतंय. घरात टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल आणून ठेवल्या होत्या, कोणी किती खायच्या याचा पत्ता नाही. पुण्याच्या एका नातलगांचा निरोप आला होता की सध्या येऊ नका. वडील त्यावर काही बोलले नाहीत, पण पुढं दोन वर्षं त्यांच्याकडं गेले नाहीत.

बीडच्या या साथीत अधिकृत मृत्यू नोंदला गेला नाही. औषध साधं होतं, वेळेत दिलं की माणूस वाचत होता. खरा हाहाकार माजला सुरतेत. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तिथं फुफ्फुसाचा प्लेग आला. खोकल्यातून पसरणारा, दोन-तीन दिवसांत माणूस नेणारा. लाखो लोक रेल्वे, बस, मिळेल त्या वाहनानं पळाले. देशभरात पन्नासहून जास्त मृत्यू नोंदले गेले, बहुतेक सगळे सुरतेचे. बीडहूनच रोग सुरतेला गेला असं तेव्हा सर्रास बोललं आणि छापलं गेलं. तो धागा कधी सिद्ध झाला नाही. आमच्या धंद्यातल्या लोकांनी तेव्हा जे मथळे दिले त्यातले काही आज वाचवत नाहीत.

मग जग बिथरलं. आखाती देशांनी विमानं थांबवली, भारतातला माल नाकारला. जागतिक आरोग्य संघटना सांगत होती की एवढ्याची गरज नाही, पण ऐकायला कोण बसलंय. मुळात तेव्हाच्या आंतरराष्ट्रीय नियमांत फक्त तीनच रोग कळवायचे होते : प्लेग, कॉलरा आणि पीतज्वर. कळवलं की शिक्षा व्हावी तसा व्यापार बंद. मग कोणता देश आपणहून सांगेल?

पुढच्याच वर्षी, १९९५ मध्ये, हे नियम बदलायचं जागतिक आरोग्य सभेनं ठरवलं. त्यामागं जी कारणं सांगितली जातात त्यात भारतातला १९९४ चा प्लेग ठळक आहे. नवे नियम २००५ मध्ये मंजूर झाले आणि २००७ पासून लागू. तीन रोगांची यादी गेली, कुठलाही नवा धोका कळवायचा असं ठरलं. सरकारनं कळवायची वाट न बघता वर्तमानपत्रातल्या बातमीचीही दखल संघटना घेऊ शकते, ही सोय मला पत्रकार म्हणून फार मोलाची वाटते. ३० जानेवारी २०२० ला कोरोनासाठी जागतिक आणीबाणी जाहीर झाली ती याच नियमांखाली. त्या नियमांच्या इतिहासात आपलं एक खेडं आहे.

इथं १८९७ ची आठवण काढावीच लागते. मुंबईत आदल्या वर्षी प्लेग आला होता. वाल्डेमार हाफकिननं ग्रँट मेडिकल कॉलेजात लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. १० मार्चला सावित्रीबाई फुले पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्याच रोगानं गेल्या. त्याच फेब्रुवारीत इंग्रजांनी साथरोग कायदा केला आणि रँडचे सोल्जर पुण्यातल्या घराघरांत घुसले. पुढचं चापेकर बंधूंचं प्रकरण सगळ्यांना पाठ आहे. लस तयार होती, पण बुटांनी घरात शिरणाऱ्या सरकारच्या हातून ती कोण टोचून घेणार? लोक रुग्ण लपवायला लागले. त्या वेळी सरकार घरात फार शिरलं, आणि १९९४ आधी अठ्ठावीस वर्षं प्लेग नाही म्हणून पाळतच सुस्तावली होती.

१९९४ मध्ये प्लेगच्या लसीचा फार उपयोगही नव्हता. अंगात ताकद यायला वेळ लागतो, टिकते थोडे महिने, आणि खोकल्यातल्या प्लेगापुढं तिचा भरवसा नाही. कामाला आल्या गोळ्या आणि पावडर. लस हे मोठं हत्यार आहे, देवीचा रोग तिनंच संपवला. पण प्रत्येक साथीत लसच धावून येईल असं धरून बसता येत नाही. पिसवांची तक्रार आल्यावर तिचा अर्थ लावणारा माणूस जवळपास असावा लागतो. २००४ पासून रोग सर्वेक्षणाचा देशव्यापी कार्यक्रम आहे, उपकेंद्रातून ताप, जुलाब, पुरळ यांची माहिती वर जाते. आशाताईंची वही हा त्याचा पाया.

आणि आता आपल्या जिल्ह्याचं दुखणं. ही वही गावाची आहे, आणि दसरा-दिवाळी झाली की आपलं अर्धं गाव टोळीत असतं. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पुरे झाल्यावर असतो, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. फडावर फेब्रुवारीत जन्मलेलं लेकरू नऊ महिन्यांचं होतं नोव्हेंबरात, म्हणजे नेमका ट्रॅक्टर भरतो तेव्हा. दुसऱ्या डोसची मुदत उघडते पुढच्या जूनमध्ये, तेव्हा गावात असतं, पण पहिलाच राहिलेला. लस कुठल्याही सरकारी केंद्रात फुकट मिळते हे खरं. पण कोपीपासून केंद्र किती लांब, आणि त्या दिवसाची मजुरी बुडाली तर उचल कशी फिटणार, हे मुकादमाला विचारा.

२०२२ मध्ये मुंबईच्या गोवंडीत, मालेगावात गोवर उसळला तेव्हा डोस राहिलेल्या मुलांचाच प्रश्न पुढं आला होता. गोवर प्लेगापेक्षा कितीतरी वेगानं पसरतो आणि त्याला ना उंदीर लागतो ना पिसू.

यंदा टोळ्या निघायच्या आधी गावागावांत डोस पूर्ण करून घेतात का, किती मुलांचं लसीकरण कार्ड आईसोबत जातं, हे मी चार-पाच तांड्यांवर जाऊन बघणार आहे. कोणाला सोबत यायचं असेल तर कळवा. आणि मामल्यात किंवा आसपास १९९४ मध्ये राहणारं कोणी ही पोस्ट वाचत असेल तर एकदा भेटा, तुमच्या तोंडून ऐकायचंय.